आयडाबाईंचा खिसा

सप्टेंबर संपायच्या आत यंदाचं सोंग काय, हे मार्नी आणि ल्यूकचं ठरलेलं असायचं. पहिल्या वर्षी, लग्नाच्याही आधी, ती मीठदाणी झाली आणि तो मिरीदाणी. पुढच्या वर्षी तो हरीण आणि ती शिकारी. शिंगं खऱ्या फांद्यांची होती, त्यामुळे ल्यूकची मान आठवडाभर आखडली. एकदा दोघं मिळून एकच घोडा झाले. पुढचे पाय कोणी व्हायचं यावरून भर मिरवणुकीत जे भांडण झालं, ते गाव अजून विसरलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी, अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या त्या लहानशा गावात, चर्चसमोरच्या हिरवळीवर सोंगांची मिरवणूक निघते. पहिल्या नंबराला भोपळ्याची पाई. त्या आधीच्या शनिवारी मार्नी आणि ल्यूक सोंग घालूनच सफरचंदाच्या बागेत फिरायला जात, तिथून मक्याच्या शेतातल्या भुलभुलैयात. ल्यूक त्याला रंगीत तालीम म्हणायचा. खरं तर तो त्यांचा सण होता. मेपलची पानं पेटल्यासारखी लाल झालेली, हातात गरम डोनट, आणि आपण आपण नाही म्हणून वाटणारी ती मोकळीक.

यंदा ऑक्टोबर अर्धा उलटला तरी काही ठरलं नव्हतं. पोझी पाच महिन्यांची झाली होती. मार्नीच्या प्रत्येक सदऱ्याच्या खांद्यावर दुधाचा डाग होता, आणि एका वेळी सलग दोन तास झोप झाली तर त्या दिवशी ती स्वतःला श्रीमंत समजत असे. पोझी हातात आली की तिला सगळं भरून पावल्यासारखं वाटे. दूध पिताना ती आईचं एक बोट मुठीत धरायची आणि झोप लागली तरी ती मूठ सुटायची नाही. पण संध्याकाळी ल्यूक भांडी विसळत असला आणि ती कपड्यांच्या घड्या घालत असली, की मार्नीला कधीकधी वाटायचं, घरात एक आई आहे, एक बाप आहे. एकाच घोड्यात मावलेली ती दोघं कुठे गेली?

अशात शेजारच्या स्टिमसनांच्या घरापुढे फलक लागला. सामान विकून घर मोकळं करायचं होतं.

इकडे माणूस गेलं की दारं उघडतात. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं किमतीची चिठ्ठी बांधतात आणि गाव आत शिरतं. दुसऱ्याची कपाटं उघडून बघायला कोणाला काही वाटत नाही. मार्नीलाही आजवर वाटलं नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरातली अर्धी भांडी अशीच कुणाकुणाच्या मागे राहिलेली होती.

पण इथे माणूस एकच गेलं होतं. वेंडेल स्टिमसन जुलैत वारले. आयडाबाई होत्या, नऊ मैलांवरच्या वृद्धाश्रमात. नवरा गेल्यावर महिन्याभरात त्यांची आठवण फाटक्या चाळणीसारखी झाली, आणि पुतण्यानं येऊन त्यांना तिकडे नेलं.

पोझी जन्मली त्या आठवड्यात याच आयडाबाई कोंबडीचं सूप घेऊन आल्या होत्या. त्यांनी पिवळ्या लोकरीची टोपी विणून आणली होती. मार्नीचा अवतार बघून त्यांनी बाळ उचललं आणि म्हणाल्या, "जा, झोप. मी काही पळवून नेत नाही हिला." मार्नी चार तास झोपली. जन्मभर पुरावी अशी झोप. ऑगस्टमध्ये पुतण्याच्या गाडीत त्या बसल्या, तेव्हा खिडकीत वाकून मार्नीनं त्यांचा हात धरला होता. "दर रविवारी येईन, मिसेस स्टिमसन. पोझीला घेऊन." आयडाबाईंनी मान हलवली होती. त्यानंतर एकही रविवार जमला नाही. आधी पोझीला सर्दी झाली, मग ल्यूकचं काम निघालं, आणि मग इतके दिवस गेले की आता कोणत्या तोंडानं जायचं हीच अडचण झाली.

विक्रीच्या दिवशी स्टिमसनांच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात मार्नीला आयडाबाईंचा तो कोट दिसला. शेवाळी रंगाचा, जाड लोकरीचा. गावात तो कोट न ओळखणारं कोणी नव्हतं, कारण त्याचा उजवा खिसा दुप्पट रुंद होता. वेंडेलांचा डावा हात थरथरायचा. चारचौघांत त्यांना त्याची भारी लाज वाटे, लोकांसमोर पेलासुद्धा उचलायचे नाहीत. तेव्हा आयडाबाईंनी आपल्या कोटाचा खिसा उसवून तिथे एवढा मोठा, मऊ फ्लॅनेलचं अस्तर लावलेला खिसा शिवला, की दोघांचे हात एकत्र आत राहावेत. वीस वर्षं पानगळीत ती जोडी तशीच हिंडली. बागेत, भुलभुलैयात, मिरवणुकीच्या कडेला. लोक म्हणायचे, आयडानं नवऱ्याला खिशात घातलंय. वेंडेल म्हणायचे, "घातलंय तर घातलंय. ऊब आहे."

"आयडा," मागून घोगरा आवाज आला. "माझा चष्मा कुठाय?"

ल्यूकनं वेंडेलांची कानझाकणी टोपी चढवली होती, चष्मा नाकावर होता आणि पाठीला बाक काढून तो खोलीभर चष्मा शोधत होता. हुबेहूब.

"तुझ्या नाकावर, म्हाताऱ्या," मार्नी म्हणाली. आवाज आपोआप आयडाबाईंचाच निघाला.

दोघं इतकं हसली की मार्नीला पलंगावर बसावं लागलं. पोट दुखेपर्यंत. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. ल्यूकही तिच्याकडे बघत होता, पोझीची आई म्हणून नव्हे, तर घोड्याचे मागचे पाय म्हणून.

"ल्यूक, पण बरं दिसेल का?"

"अगं, प्रेमानंच करतोय ना आपण. गावाला आवडेल बघ."

कोटाची चिठ्ठी सोडवताना तिच्या मनाला काहीतरी टोचलं. ते तिनं ढकलून दिलं. हसू फार दिवसांनी आलं होतं.

तालमीच्या शनिवारी ल्यूकची आई जोसेट पोझीला सांभाळायला आली. त्या दोघांना दारात बघून तिनं छातीवर हात ठेवला.

"माझा जीव घ्याल एक दिवस. हा कोट धुतलास का तरी?"

"लोकर धुवायची नसते, मॉम," ल्यूक म्हणाला.

"तुझी अक्कल तरी धुऊन घे मग."

बागेत ऊन होतं, तरी हवेला धार होती. पडलेल्या सफरचंदांवर गांधीलमाश्या सुस्तावून फिरत होत्या. सायडर, म्हणजे सफरचंदाचा गरम रस, विकायच्या खिडकीत बर्निस नेहमीसारखी खाली मान घालून डोनट घोळवत होती. ती दोघं पुढे आल्यावर तिनं वर न बघता दोन पेले सरकवले. एकाला झाकण लावलेलं होतं, वेंडेलांच्या हातून सांडू नये म्हणून.

मग तिनं वर पाहिलं. पिठानं माखलेली बोटं तशीच हवेत राहिली.

"अरे, तुम्ही होय," ती म्हणाली. "कोट दिसला आणि हात सवयीनं गेला बघा." आणि ती हसली, पण जरा उशिरा.

मार्नीनं कोटाच्या खिशात हात घातला. आत ऊब होती. कोणी नुकतंच उठून गेल्यावर अंथरुणात राहते तशी. लोकर उन्हात तापली असेल, असं तिला वाटलं. मग ल्यूकचा हात तिच्या हाताशेजारी आत आला आणि दोघं त्या रुंद खिशातून एकमेकांची बोटं धरून, म्हातारी पावलं टाकत मक्याच्या शेताकडे निघाली.

भुलभुलैयातून बाहेर पडायला लोकांना तास लागतो. मका डोक्याच्या वर दोन हात वाढलेला, पानं वाळून कागदासारखी कुरकुरत असतात. पण प्रत्येक फाट्यावर खिशातला हात हलकेच ओढायचा, इकडे, आता तिकडे, आणि मार्नी जायची. कुठे वळावं हा प्रश्न पडतच नव्हता. दहा मिनिटांत समोर मोकळं मैदान आलं.

"तुला रस्ता पाठ आहे की काय?" ल्यूकनं विचारलं.

"मला? ओढत तर तू नेत होतास."

"मी? या चष्म्यातून मला माझे पाय दिसत नाहीयेत. मी तुझ्या मागून येत होतो." त्यानं हात बाहेर काढून बोटं झटकली. "आणि एक सांग, थरथरायचं काम माझं ना? तू का हलवत होतीस एवढा हात?"

मार्नीचा हात हलला नव्हता. तिला वाटत होतं, ल्यूक काय सुरेख नक्कल करतोय. लोकांना बागेतून फिरवणाऱ्या गवताच्या गाडीचा भोंगा वाजला, दोघं पळत सुटली, आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

मिरवणुकीच्या दिवशी आभाळ स्वच्छ निळं होतं. हिरवळीभोवती अख्खं गाव लोटलेलं. भोपळे, चेटकिणी, एक चालता फ्रीज, टोस्टमध्ये गुंडाळलेलं कोणाचं तरी कुत्रं. मार्नी आणि ल्यूक पुढे सरकली तशी आधी कुजबुज झाली, मग टाळ्या, मग हशा. ल्यूकनं एका भोपळ्याला वाकून "गुड मॉर्निंग, पाद्रीबाबा" म्हटलं, तेव्हा तर हसून हसून लोक खाली बसायचेच बाकी राहिले.

"आयडा, सोड की त्याला खिशातून," पोस्टातला माणूस ओरडला.

"कोणाला?" मार्नी म्हणाली. डोळे बारीक करून तिनं आजूबाजूला पाहिलं, हरवलेली, गोंधळलेली. "कोण आहे हा माणूस? माझं लग्न झालंय का?"

केवढा हशा पिकला. तिलाही आतून गुदगुल्या झाल्या. आणि तो हशा उजवीकडून विझत आला. पंक्तीतल्या पणत्या वाऱ्यानं एकेक करून विझाव्यात तसा.

चर्चच्या पायऱ्यांपाशी वृद्धाश्रमाची व्हॅन उभी होती. दरवर्षी ती म्हाताऱ्यांना मिरवणूक बघायला आणत असे. हे मार्नीला ठाऊक होतं, दरवर्षी ती त्यांना हात करायची. यंदा तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. चाकांच्या सात-आठ खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीत पांघरूण घेतलेलं कोणीतरी. पहिल्या खुर्चीत आयडाबाई होत्या. त्यांच्या डोक्यावर कोणीतरी चेटकिणीची कागदी टोपी बसवली होती, ती एका कानावर कलली होती.

त्या कोटाकडे बघत होत्या.

धरणी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मार्नीला त्या क्षणी कळलं. वर बघवेना. खिशातला हात तिनं घट्ट दाबला. चल, इथून चल. त्या हातानंही तिचा हात दाबला.

तिच्या बोटांना त्याची करंगळी लागली. अर्धी होती. पेर संपत होतं तिथे गुळगुळीत, जुनं मांस होतं. वेंडेलांची करंगळी तरुणपणी लाकडाच्या वखारीत करवतीखाली गेली होती. ल्यूकनं बोट दुमडून तेसुद्धा साधलंय, असं तिच्या मनात आलं. पुरे कर आता ल्यूक, पुरे.

लाजेनं तिची मान खालीच होती, म्हणून तिला गवत दिसलं. गवतावर तिचे बूट होते.

शेजारी कोणाचे नव्हते.

"मार्नी," लांबून हाक आली. सायडरच्या टेबलापाशी ल्यूक उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत दोन पेले होते, वाफाळणारे. "दालचिनी घालू की साधं हवंय?"

खिशात हात होता.

तो थरथरत होता. नक्कल करताना थरथरतो तसा नव्हे. इतक्या माणसांत उघडं पडल्यासारखा, आत आत सरकत, तिच्या तळव्याखाली लपायला बघत होता.

तिला किंकाळी फोडता आली नाही. हात ओढूनही घेता आला नाही.

आयडाबाईंनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि हलवला. मार्नीला नव्हे. मार्नीच्या उजव्या बाजूला, तिच्या खांद्याच्या वीतभर वर, जिथे उंच माणसाचा चेहरा असतो, तिथे बघून. त्या हसत होत्या.

मार्नी गर्दीतून वाट काढेपर्यंत व्हॅन निघून गेली होती. पहिला नंबर मार्नी आणि ल्यूकलाच मिळाला. पाई फ्रीजमध्ये तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

"कोट देऊन येते," ती म्हणाली.

ल्यूक पोझीला खांद्यावर थोपटत होता. त्याचाही चेहरा उतरला होता. "मी येऊ? मलाही माफी मागायला हवी."

"पुढच्या वेळी ये. आज मी जाते."

आश्रमाच्या दारांवर कागदी भोपळे चिकटवले होते. आयडाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, झोपायच्या झग्यातच, मांडीवर हात ठेवून. मार्नीनं वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मिसेस स्टिमसन, हा तुमचा कोट. मी घ्यायला नको होता. काल जे केलं, तेही करायला नको होतं. मला फार लाज वाटते."

आयडाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. नाव काही सापडलं नाही. "शेजारची तू," त्या म्हणाल्या. "बाळ झोपतं का गं आता?"

मार्नीनं मान हलवली.

त्यांनी कोट हातात घेतला आणि लगबगीनं झग्यावरच घातला. बटणं लावली. खुर्चीत नीट बसल्या, शेजारी जरा जागा सोडून. मग उजवा हात खिशात घातला आणि थांबल्या.

बाहेर कोणीतरी पानं गोळा करत होतं, दाताळ्याचा आवाज येत होता. खिसा त्यांच्या एका हातापुरता फुगला होता, बाकीचं कापड सपाट पडलं होतं. आयडाबाईंचा हात आत फिरू लागला, किल्ली शोधावी तसा, या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. अस्तर ओढून पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू एकेका सुरकुतीतून ओसरत गेलं.

"नाही आला," त्या म्हणाल्या.

मग त्यांची नजर मार्नीच्या उजव्या हाताकडे गेली. मार्नीनंही तेव्हाच तिकडे पाहिलं. तो हात तिच्या अंगापासून जरासा दूर होता, बोटं अर्धवट मिटलेली. नऊ मैल गाडी तिनं एका डाव्या हातानं चालवली होती. कालपासून ती सगळंच डाव्या हातानं करत होती.

"अगं, असा उघड्यावर काय धरतेस त्याला," आयडाबाई हळूच म्हणाल्या. "लोक बघतात. वेंडेलला लाज वाटते."

"तुम्ही घ्या ना," मार्नी म्हणाली. "घ्या तुम्ही, मिसेस स्टिमसन. मी सोडते."

ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं आपला हात त्या रुंद खिशात, आयडाबाईंच्या हाताशेजारी सरकवला. तिघं तशीच राहिली. आयडाबाईंनी डोळे मिटले आणि त्यांचे खांदे सैल पडले. दाताळ्याचा आवाज थांबला, जेवणाची गाडी दारावरून गेली. मार्नीनं बोटं सोडली, ताठ पसरली, एकेक करून. मग हात सावकाश बाहेर काढला.

आयडाबाईंनी डोळे उघडले. खिसा पुन्हा सपाट झाला होता.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मार्नीच्या हातावरून, आणि हाताच्या खाली थोडं हवेतून, आपला तळवा फिरवला. निघालेल्या माणसाची कॉलर सारखी करावी तसा.

"रविवारी आणत जा त्याला," त्या म्हणाल्या. "म्हणाली होतीस ना, दर रविवारी येते."

घरी जोसेट सूप ढवळत होती. पोझी ल्यूकच्या मांडीवर होती, पिवळी टोपी घालून. आईला बघून तिनं दोन्ही हात पसरले. मार्नी शाल पांघरून खुर्चीत बसली आणि तिनं लेकीला घेतलं. तो दुधाचा, साबणाचा, कोवळा वास तिनं खोल ओढून घेतला. इथे तरी सगळं जागच्या जागी आहे, असं तिला क्षणभर वाटलं.

"घेतला त्यांनी कोट?" ल्यूकनं विचारलं.

"घेतला."

"मग झालं. सुटलो."

मार्नीनं सवयीनं उजव्या हाताचं बोट पोझीपुढे केलं. पोझीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचा हात बोटाला ओलांडून पुढे गेला, वीतभर खाली, जिथे काही नव्हतं, आणि तिथे मूठ मिटली. पुरती मिटली नाही. मध्ये जागा राहिली, एका जाड्या बोटाएवढी. ती खुदकन हसली.

मग ती इवलीशी मूठ बारीक बारीक थरथरू लागली.

"थंडी वाजतेय का गं तिला?" ल्यूक म्हणाला.

जोसेटनंही चुलीकडून वळून पाहिलं. दोघं बघत होती.

मार्नीनं शालीचं टोक ओढून त्या मुठीवर पांघरलं.